रडू न येणाऱ्या माणसाचं अभिनयशिक्षण

जयपूरला बदली झाली तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. विमा कंपनीच्या क्लेम खात्यात केस पांढरे झाले होते, आणि स्टेजवर जायची वेळ आयुष्यात एकदाच, शाळेत बक्षीस घ्यायला आली होती. तेही दुसऱ्याचं होतं, तो आजारी होता.

इथल्या मराठी मंडळाने मला गणेशोत्सवातल्या नाटकात डॉक्टर केलं. कारण माझ्याकडे चष्मा होता आणि तब्येत डॉक्टरासारखी होती, म्हणजे पेशंटपेक्षा वाईट. डॉक्टरला तीन वाक्यं होती. "नाडी मंद आहे," "आजची रात्र काढली तर बरं," आणि तिसरं प्रयोगाच्या वेळी माझ्या डोक्यातून साफ गेलं. मी विंगेकडे पाहिलं. तिथून प्रॉम्प्टरने "घरच्यांना बोलावून घ्या" असं इतकं खणखणीत सांगितलं, की पेशंटचा मुलगा झालेल्या गृहस्थांनी विंगेकडे वळून त्यालाच उत्तर दिलं, "बोलावलंय." हॉल हसला. पेशंटही हसला, आणि मग मेला.

घरी येताना बायको म्हणाली, "प्रॉम्प्टरचं काम चांगलं झालं. आवाज स्पष्ट होता."

नाटक बसवलं होतं मंडळाच्या अध्यक्षांनी. ते निवृत्त बँक अधिकारी, तरुणपणी बदलीवर जयपूरला आले आणि इथलेच झाले. अभिनय ते कुणाकडे शिकले नव्हते आणि हे ते अभिमानाने सांगत. त्यांचे नियम दोन. प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही, आणि प्रत्येक वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत फेकायचं. त्यामुळे त्यांच्या नाटकात नवरा-बायको भांडायचे ते एकमेकांकडे न बघता, शेजारी शेजारी उभे राहून, प्रेक्षकांशी. मरणारा माणूसही उशीला टेकून, समोर बघून, ठणठणीत आवाजात मरायचा.

"मी कुठे शिकायला जाऊ का?" मी त्यांना विचारलं.

"अहो, अभिनय शिकायचा नसतो," ते म्हणाले. "तो रक्तात असावा लागतो."

माझ्या रक्तात त्याच महिन्यात साखर सापडली होती. अभिनयाबद्दल रिपोर्टात काही नव्हतं. म्हणून मी क्लास लावला.

क्लास शहरातल्या सी-स्कीम भागात, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. दर शनिवार-रविवार. चालवणारे सर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, मुंबईत बरीच वर्षं काढून गावी परतलेले. "जब मैं मुंबई में था," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघायचे आणि वाक्य तिथेच राहायचं. मी वयाने मोठा आणि अधिकारी, म्हणून ते मला 'सर' म्हणत. ते गुरू, म्हणून मी त्यांना 'सर' म्हणे. नव्या माणसाला आमच्यात कोण कुणाकडे शिकतंय हे पटकन कळत नसे.

सुरुवात आवाजापासून झाली. छाती भरून श्वास घ्यायचा आणि लांबलचक 'आ' करायचा. वर आम्ही 'आ' करायचो, खाली डॉक्टरीणबाईंचे पेशंट 'आ' करायचे. सरांचा आवडता शब्द 'सच्चाई'. अभिनयात सच्चाई पाहिजे. खालच्या मजल्यावरच्या 'आ'मध्ये ती आमच्यापेक्षा कितीतरी जास्त होती.

"पहले सब भूल जाइए," सर म्हणाले. "जो भी सीखा है, सब."

या बाबतीत मी इतरांच्या पुढे होतो.

वर्गात बाकी सगळी तरुण मुलं. त्यांत एक मुलगी सांगलीची निघाली, इथे आयटी कंपनीत नोकरीला. पहिल्याच दिवशी ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, तुम्ही मराठी ना? तुम्ही 'भूल जाइए' ऐकून मान हलवलीत, त्यावरून वाटलं." त्यानंतर आम्ही शेजारी बसू लागलो.

दुसऱ्या आठवड्यात सरांनी प्रत्येकाला एक प्राणी निवडायला सांगितला. त्याचं निरीक्षण करायचं आणि पुढच्या वर्गात तो प्राणी व्हायचं. मुलांनी वाघ, गरुड, नाग असले प्राणी घेतले, जे त्यांना मोबाइलवरच बघावे लागणार होते. मी गाय घेतली, कारण ती मुरलीपुऱ्यात आमच्या गल्लीतच असते. रविवारी सकाळी भाजीच्या गाडीपाशी मी तिच्यासमोर उभा राहिलो. ती जबडा वर-खाली हलवत नाही, आडवा फिरवते, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंच नव्हतं. मीही तसा फिरवून बघत होतो.

भाजीवाल्याने हातातलं वजन खाली ठेवलं. मग म्हणाला, "अंकलजी, गाय आपकी है?"

"नहीं. मैं सिर्फ देख रहा हूँ."

त्याने गाईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कोथिंबिरीची एक जुडी मला न मागता दिली. ती मला दिली की गाईला, हे मी विचारलं नाही.

पुढच्या वर्गात मी चारचौघांसमोर गाय झालो. मान खाली, जबडा आडवा, डोळ्यांत कसलीही घाई नाही. सर मागे उभे राहून बघत होते. माझं संपल्यावर ते पुढे आले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ऊँट. क्या ऊँट था, सर. राजस्थान की मिट्टी पकड़ ली आपने."

मी आभार मानले. इतक्या कौतुकानंतर प्राणी बदलणं बरं दिसलं नसतं.

खरी अडचण रडण्यापाशी आली. सरांनी दिवे मंद केले, सगळ्यांना जमिनीवर झोपवलं आणि सांगितलं, आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख आठवा आणि त्याला बाहेर येऊ द्या. थोड्याच वेळात आजूबाजूला हुंदके सुरू झाले. सांगलीची मुलगी तर अशी रडली, की खालच्या दवाखान्यातली नर्स वर येऊन बघून गेली. नंतर मी तिला विचारलं, "एवढं काय गं आठवलंस?"

"अप्रेझल," ती नाक पुसत म्हणाली. "दर वेळी चालतं."

मला माझे वडील गेले तो दिवस आठवला. पण आठवलं काय, तर स्मशानातल्या कारकुनाने आधार कार्डाची झेरॉक्स मागितली आणि मी झेरॉक्सचं दुकान शोधत भर उन्हात फिरलो. पहिल्या दुकानात वीज नव्हती. दुसऱ्या दुकानदाराने विचारलं, एका बाजूची की दोन्ही? मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो, कारण मला खरंच ठरवता येईना. रडू त्या दिवशीही आलं नव्हतं आणि क्लासातही आलं नाही.

सर माझ्याजवळ उकिडवे बसले. "सर, आप अंदर से बंद हैं," ते हळुवारपणे म्हणाले. डॉक्टर जसे रक्तवाहिनीबद्दल सांगतात तसं.

हे मला लागलं. घरी मी आरशासमोर प्रयत्न करू लागलो. ओठ थरथरवले, श्वास रोखला, भुवया वर जोडल्या. बायको दारात उभी राहून बघत होती.

"अहो, रडायचंच आहे तर कांदे चिरा," ती म्हणाली. "मला उसळीला लागणारच आहेत."

मी कांदे चिरायला बसलो. ते मात्र जमलं. डोळे, नाक, सगळं वाहू लागलं. मी त्या अवस्थेतच भुवया वर जोडून चेहरा लक्षात ठेवत होतो, तेवढ्यात शेजारच्या भाभीजी विरजण मागायला आल्या. दार उघडंच होतं. त्यांनी मला पाहिलं, तोंडावर पदर घेतला आणि विरजण न घेताच परत गेल्या. संध्याकाळी त्या बेसनाच्या गट्ट्यांची भाजी घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतले दोन वयस्कर गृहस्थ येऊन काही न बोलता माझ्याशेजारी बसून राहिले.

शेवटी बायकोने भाभीजींना खरं काय ते सांगितलं. "कुछ हुआ नहीं है, भाभीजी. ये एक्टिंग सीख रहे हैं."

भाभीजींच्या चेहऱ्यावरची काळजी वाढली. "कोई बात नहीं," त्या म्हणाल्या. "ठीक हो जाएँगे."

आता जरा माझ्या टेबलाबद्दल. क्लेम खात्यात समोर जो माणूस येतो, त्याच्या घरात नुकतंच कुणीतरी गेलेलं असतं. वर्षानुवर्षं हे बघतोय. त्याच सुमारास चारदीवारीतली, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातली, एक बाई आली होती. तिचा नवरा रत्नांना पैलू पाडायच्या कारखान्यात कामाला होता, अचानक गेला. तिच्याबरोबर तिचा दीर होता. दीर टेबलाची कड धरून मोठमोठ्याने रडत होता. मध्ये त्याचा फोन वाजला, त्याने शांतपणे कुणाला तरी गाडी कुठे लावायची ते सांगितलं, फोन ठेवला आणि जिथे थांबला होता त्याच पट्टीत पुन्हा रडू लागला. बाई मात्र कोरडी होती. मी दाखवीन तिथे सही करत होती. आमचा पंखा कटकट आवाज करतो. तिने मध्येच वर पाहिलं आणि म्हणाली, "ये आवाज़ तो वो पाँच मिनट में बंद कर देते." मग पेनाला टोपण लावून ते मला परत दिलं.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कोर्सच्या शेवटी सगळ्यांचा एक कार्यक्रम व्हायचा होता, प्रत्येकाने आपापलं काहीतरी करायचं होतं. मी ठरवलं की हेच करायचं. बाईऐवजी एक माणूस, त्याची बायको गेलीय, तो विम्याच्या ऑफिसात येतो, सही करतो, पंख्याबद्दल एक वाक्य बोलतो आणि जातो.

सरांनी तालीम बघितली. "पॉज़ अच्छे हैं," ते म्हणाले. "पर सर, इसमें एक्टिंग कहाँ है? ये आदमी रोता क्यों नहीं?"

"वो असल में नहीं रोई थी."

"असली बात असली जगह रखिए," सर म्हणाले. "यहाँ सच्चाई चाहिए."

त्यांनी मला दाखवलं. वाक्य बोलून झालं की पेन हातातून गळून पडलं पाहिजे. मग गुडघ्यांवर यायचं, वर बघायचं आणि ओरडायचं, "क्यों?" मागे संगीत ते देणार होते.

त्याच आठवड्यात मंडळाचे अध्यक्ष दिवाळी फराळाचं आमंत्रण द्यायला घरी आले. बायकोने त्यांना चहा दिला आणि मी तालीम करून दाखवली. मला वाटलं, हे शिक्षणाच्या विरुद्धचे, यांना माझं पटेल.

"अहो, हे पुटपुटणं शेवटच्या रांगेला कसं कळणार?" ते म्हणाले. "गुडघ्यांवर या. हात वर करा. देवाला जाब विचारा, का म्हणून?"

एकजण मुंबईत राहून अभिनय शिकून आला होता, दुसऱ्याने न शिकण्याची शपथ घेतली होती. दोघांची भेट कधी झाली नव्हती. पण माझ्या गुडघ्यांबद्दल त्यांचं एकमत होतं.

ते गेल्यावर मी बायकोला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला कळलं," ती कप उचलत म्हणाली. "पण मी स्वयंपाकघरात होते, शेवटच्या रांगेत नाही."

कार्यक्रम थंडीतल्या एका रविवारी दुपारी झाला. छोटासा हॉल, प्रेक्षकांत मुलांचे आईवडील, त्यांचे मित्र, आणि पहिल्या रांगेत सरांनी बोलावलेला जाहिराती करणारा एक गृहस्थ. माझ्या आधी सांगलीच्या मुलीने नवऱ्याने टाकलेली बायको केली आणि हॉलमधल्या निम्म्या आया रडवल्या. तिचं लग्नही झालेलं नाही.

मी स्टेजवर गेलो आणि ठरवल्याप्रमाणे माझं तेच, शांतपणे सुरू केलं. खुर्चीवर बसलो. सही केली. वर पाहिलं. पंख्याचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या कॉलरचा माइक बंद पडला. पहिल्या दोन-तीन रांगांना ऐकू गेलं असेल. शेवटच्या रांगेतून ओळखीचा आवाज आला, "आवाज!" मंडळाचे अध्यक्ष होते. मग त्यांच्या आसपासच्या मंडळींनीही "आवाज़, आवाज़" सुरू केलं.

मी घाबरलो. घाबरलेला माणूस शिकवलेलं तेच करतो. पेन गळून पडलं, मी गुडघ्यांवर आलो आणि छताकडे बघून "क्यों?" असं ओरडलो. त्याला माइकची गरज नव्हती. टाळ्या पडल्या. लोक उभे राहिले. सरांनी विंगेत मला मिठी मारली, "आज आप खुल गए, सर." खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. गुडघे दुखत होते, पण टाळ्यांनी गुडघ्यांनाही जरा बरं वाटतं.

रिक्षात बायकोने आधी शाल सावरली. मग म्हणाली, "पहिलं चांगलं चाललं होतं."

जाहिरातवाल्या गृहस्थांनी हॉलच्या दारातच मला गाठलं होतं. माझा चेहरा त्यांनी दोन्ही बाजूंनी बघितला. "बड़ा भरोसे वाला चेहरा है. पिता का रोल है, करेंगे?"

"डायलॉग?"

"डायलॉग नहीं है. इमोशन पूरा है."

तपशील दोन दिवसांनी फोनवर कळला. जाहिरात भिंतीच्या रंगाची होती. मुलगी बऱ्याच वर्षांनी माहेरी येते, वडील आता नाहीत, पण त्यांनी हौसेने लावलेला रंग अजून जसाच्या तसा आहे. वडील म्हणजे मी. मी भिंतीवर, फोटोत. मुलीच्या कामासाठी त्यांनी सांगलीच्या मुलीलाच घेतलं होतं.

शूटिंग चारदीवारीतल्या एका हवेलीत होतं. मोटार गल्लीत शिरत नाही, म्हणून आम्ही ई-रिक्षाने गेलो. बायको सोबत आली, तिला तिथून पुढे लाखेच्या बांगड्या घ्यायच्या होत्या. सकाळी माझा फोटो काढला. फोटोग्राफर समाधानी होत नव्हता.

"सर, थोड़ा कम ज़िंदा," तो म्हणत होता.

मग दिग्दर्शक पुढे आला. विशीतला असेल. "सर, ऐसा सोचिए, आप सब देख रहे हैं पर कर कुछ नहीं सकते."

हे मला पहिल्या फटक्यात जमलं. क्लेम खात्यात तोच चेहरा लागतो.

दुपारी फोटो छापून, फ्रेम होऊन आला. ताज्या निळ्या भिंतीवर टांगला. मी खाली खुर्चीवर बसून स्वतःकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, ठीक आलाय. मग एका माणसाने त्याला झेंडूचा हार घातला, आणि बायको उठून बाहेर गेली.

मला वाटलं, बांगड्यांना उशीर होतोय. मी मागोमाग गेलो. ती चौकात, नळापाशी उभी होती.

"हार काढायला सांगा," ती म्हणाली.

"अगं, अभिनय आहे हा."

"तुमचा असेल. माझं काय?" आवाज वाढवला नव्हता तिने. "नाटकात मरा तुम्ही हवं तेवढं. पडदा पडला की उठून चहा मागता. फोटोतून कुणी उठत नाही."

नळ ठिबकत होता, तो मी बंद केला आणि आत जाऊन दिग्दर्शकाला सांगितलं की हार नको.

"पर सर, हार के बिना पता कैसे चलेगा कि पापा गुज़र गए?"

"मैं रोऊँगी न सामने," सांगलीची मुलगी म्हणाली. ती एव्हाना डोळे लाल करून तयार होती आणि तिला ते वाया घालवायचे नव्हते.

"लोग समझेंगे पापा दुबई गए हैं," दिग्दर्शक म्हणाला.

बरीच चर्चा झाली. अखेर ठरलं की शूटिंग हाराशिवाय करायचं आणि हार नंतर कंप्युटरवर घालायचा. मी बायकोला विचारलं. तिने विचार केला.

"कंप्युटरवर म्हणजे खरा नाही ना?"

"फूलच नसतं त्यात."

"मग चालेल," ती म्हणाली. "पण मी बघणार नाही." आणि बांगड्या घ्यायला एकटी निघून गेली.

तिने ती जाहिरात खरंच अजून पाहिलेली नाही. बाकी सगळ्यांनी पाहिली. मोबाइलवर येऊ लागली, सिनेमाच्या मध्यंतरात येऊ लागली. ऑफिसातल्या शिपायाने मला तीन-चार दिवस चहा जरा जास्तच आदराने दिला. भाभीजींनी देवळात माझ्या नावाने नारळ वाढवला. अध्यक्षांचा फोन आला, "काम उत्तम. पण मान जरा वर हवी होती, मागच्यांना दिसत नाही."

सरांना सर्वांत जास्त आनंद झाला. त्यांच्या क्लासातून पडद्यावर गेलेला मी पहिला. त्यांनी जाहिरातीतला माझा फोटो, हारासकट, मोठा करून घेतला आणि जिन्याच्या तोंडाशी लावला. खाली क्लासचं नाव. पुढच्या शनिवारी मी गेलो तर एक नवा मुलगा चपला काढून त्या फोटोसमोर हात जोडून उभा होता. डोळे मिटलेले. त्याने डोळे उघडले, वळला, आणि मला पाहिलं. मग फोटोकडे पाहिलं. तो पांढरा पडू लागला.

"बड़े भाई थे मेरे," मी म्हणालो.

कसं सुचलं माहीत नाही. ना आवाज फेकला, ना भुवया जोडल्या.

"सॉरी सर," तो मुलगा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "बहुत सच्चाई थी उनके चेहरे पर."

"हाँ," मी म्हणालो आणि वर गेलो.

घरी हे सांगितल्यावर बायको हसली नाही. तिने स्वतः सरांना फोन केला आणि तिच्या मराठी वळणाच्या हिंदीत बजावलं की तो फोटो काढा. सर म्हणाले, भाभीजी, त्या फोटोमुळे प्रवेश वाढलेत, लोकांना वाटतं की क्लास जुना आहे. बरीच ओढाताण होऊन तोडगा निघाला. फोटोखाली आता कागदाची एक पट्टी चिकटवली आहे: 'सर जीवित हैं.' हार तसाच आहे. दातांचे पेशंट वर चुकून आले की ती पट्टी वाचतात आणि लगेच खाली जातात.

मी अजून जातो क्लासला. प्राणी संपले, या महिन्यात आम्ही पाणी होतोय.